अल्झायमर : 'सठिया गए' म्हणून सोडून देऊ नका

दादी दुपारचं जेवून उठतात आणि अर्ध्या तासाने शेजारणीला सांगतात, "आज मला कोणी खायलाच दिलं नाही." अब्बा जन्मभर ज्या मस्जिदीत गेले तिथूनच निघतात, पण घरची गल्ली सोडून भलत्याच गल्लीत जाऊन उभे राहतात. असं काही झालं की आपल्या मोहल्ल्यात उत्तरं तयार असतात. सठिया गए. बुढापा है. मराठी शेजारी म्हणतात म्हातारचळ. कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं असर आहे. जळगाव असो की धुळे, वर्ष-दोन वर्षं यातच जातात आणि आजाराचं खरं नाव घरात कोणी घेत नाही. बहुतेक वेळा ते नाव असतं अल्झायमर.

आम्ही शाळेत शिकवतो, डॉक्टर नाही. तरी हा विषय हातात घेतला, कारण तो फिरून फिरून शाळेच्या हजेरीपटापर्यंत येतो. नववीतली चांगली हुशार मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवस येईनाशी होते. घरी निरोप पाठवला की कळतं, दादीजवळ बसायला कोणी नाही. अम्मी कामावर, अब्बा गाडीवर, भाऊ आहे पण तो 'लडका' आहे. दादीला एकटं सोडलं तर त्या गॅस सुरू ठेवतात, नाहीतर दार उघडून निघून जातात. अशा तीन-चार मुली आमच्या पाहण्यात आल्या. त्यातली एक पुन्हा वर्गात आलीच नाही. म्हणून हा फक्त म्हाताऱ्या माणसांचा आजार आहे असं आम्हाला म्हणवत नाही.

आजार काय आहे

१९०६ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेन इथे डॉक्टरांच्या सभेत अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर नावाच्या एका बाईंची हकीकत मांडली. १९०१ मध्ये त्यांना फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आणलं तेव्हा त्यांचं वय होतं ५१. विसरणं होतंच, पण त्याबरोबर नवऱ्यावर विनाकारण संशयही होता. त्या वारल्यावर अल्झायमर यांनी त्यांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर गुठळ्या साचलेल्या होत्या आणि पेशींच्या आत पिळलेल्या धाग्यांचा गुंता होता. आज या गुठळ्यांना अमायलॉइडच्या आणि गुंत्याला टाऊचा म्हणतात, ही दोन्ही प्रथिनं आहेत. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

डिमेन्शिया आणि अल्झायमर हे दोन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हे लक्षणांच्या गटाचं नाव आहे, जसं ताप. तो वेगवेगळ्या आजारांमुळे येतो आणि त्यातला ६० ते ७० टक्के वाटा अल्झायमरचा. दुसरा मोठा प्रकार रक्तवाहिन्यांचा. मेंदूत लहान-लहान झटके येतात, कधी घरच्यांच्या लक्षातही येत नाहीत, आणि दर झटक्यानंतर माणूस एक पायरी खाली उतरतो. ज्यांचा बीपी आणि शुगर वर्षानुवर्षं मोकाट आहे त्यांच्यात हा जास्त. कित्येकांत दोन्ही एकत्र असतात.

अल्झायमर बहुधा मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागापासून सुरू होतो. नवी गोष्ट नोंदवून ठेवायचं काम हा भाग करतो. म्हणून आज सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या निकाहात कोण आलं होतं, मेहर किती ठरला होता, हे तोंडपाठ असतं. घरचे इथेच फसतात. "इतकं जुनं आठवतं, मग विसरतात कसं? नाटक आहे." नाटक नाही. जुनी वही शाबूत आहे, नवीन पानावर शाई उमटत नाही.

भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांत ५.८ टक्के तर बायकांत ९ टक्के. शहरात ५.३, खेड्यात ८.४. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्यात प्रमाण जास्त. आपल्या दाद्या-नान्यांची पिढी डोळ्यांसमोर आणली की या आकड्यांतल्या बायका कोण, हे वेगळं सांगावं लागत नाही.

कुठलं विसरणं साधं, कुठलं नाही

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं साधं आहे. चष्मा फ्रीजमध्ये ठेवणं आणि तो तिथे सापडल्यावरही आपण ठेवला हे न पटणं, हे साधं नाही. एखाद्याचं नाव पटकन आठवत नाही, थोड्या वेळाने आठवतं, हे वयाचं लक्षण. सख्ख्या नातवाचं नाव गेलं, एकच प्रश्न दहा मिनिटांत पाच वेळा विचारला, जन्मभर केलेली बिर्याणी अचानक जमेना, दुकानात पैसे मोजताना गोंधळ व्हायला लागला, तर तपासणी हवीच. कधी विसरण्याच्या आधी स्वभाव बदलतो. हसतमुख माणूस गप्प बसायला लागतो, किंवा शांत माणूस शिव्या देतो.

पण विसरणारा प्रत्येक माणूस अल्झायमरचा नसतो, आणि लवकर तपासणी करायचं पहिलं कारण हेच आहे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, पडल्यावर कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त, झोपेच्या गोळ्या, यांनीही माणूस असाच विसरतो. यातलं बरंचसं उपचाराने सुधारतं. साध्या रक्ताच्या चाचण्या आणि डोक्याचा एक स्कॅन यातून बरंच कळतं. वर्षभर फक्त दम आणि तावीज करत बसलो तर सुधारण्यासारखी वेळ हातातून जाते. दुआ जरूर करावी, आम्हीही करतो. दवा तिच्या जोडीने हवी.

खान्देशच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, आणि डिमेन्शिया असलेल्याला पाणी प्यायचंच आठवत नाही. अंगातलं पाणी आणि सोडियम ढळलं की माणूस एक-दोन दिवसांत एकदम बरळायला लागतो, माणसं ओळखत नाही, नाहीतर गुंगीत जातो. लघवीचा संसर्ग किंवा न्यूमोनियानेही असंच होतं. हा अल्झायमर 'वाढला' असं समजून घरी थांबू नये. अल्झायमर महिन्या-वर्षांनी सरकतो. दोन दिवसांत जे बिघडतं ते वेगळं असतं, त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तपासणी आणि भाषेची अडचण

जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं. मेंदूविकार तज्ज्ञाची खासगी फी परवडत नसेल तर तिथल्या मानसोपचार किंवा मेडिसिनच्या ओपीडीपासून सुरुवात करता येते. मानसोपचार हा शब्द ऐकून घरचे बिचकतात, "हमारी अम्मी पागल थोड़ी है" म्हणतात. पागल कोणीच म्हणत नाही. स्मृतिभ्रंशाचं निदान आणि उपचार ते डॉक्टरही करतात.

जाताना एक वही न्यावी. कधीपासून, काय विसरतात, कुठल्या गोळ्या चालू, कधी पडले होते का, झोप कशी, हे सगळं लिहून. आणि जो माणूस चोवीस तास जवळ असतो त्यानेच सोबत जावं. बऱ्याचदा बाहेर वावरणारा मुलगा घेऊन जातो आणि डॉक्टरांच्या निम्म्या प्रश्नांना त्याच्याकडे उत्तर नसतं.

डॉक्टर एक तोंडी परीक्षा घेतात. आजची तारीख, उलटी वजाबाकी, एक वाक्य लिहा, घड्याळ काढा. ज्या दादीने आयुष्यात अंगठाच लावला तिला घड्याळ काढता आलं नाही तर तो आजार कसा? हा प्रश्न भारतातल्या संशोधकांनाही पडला होता. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत काम करताना त्यांनी न शिकलेल्या लोकांसाठी हिंदीतून वेगळी प्रश्नावली तयार केली. म्हणून डॉक्टरांना आधीच सांगावं : शाळा किती झाली, आणि घरात कोणती भाषा. यावल-रावेरकडच्या तडवी घरातल्या आजी, धुळ्याच्या विणकर वस्तीतले दादा, अहिराणीत वाढलेलं खेड्यातलं माणूस, यांना पुस्तकी मराठीत विचारलं तर ते गप्प बसतील आणि मार्क कापले जातील. आम्ही परीक्षा घेणारे लोक आहोत. प्रश्न समजला नाही आणि उत्तर येत नाही यातला फरक आम्हाला रोज दिसतो.

भाषेवरून आणखी एक. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाचे ६४८ रुग्ण अभ्यासले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. दोन भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला, आणि हे निरक्षर लोकांतही आढळलं. यावर संशोधकांत वाद चालू आहेत, दोन भाषा आल्या म्हणजे आजार टळतो असं नाही. पण घरात उर्दू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या आपल्या लोकांना, मराठी कशाला शिकायची असं म्हणणाऱ्यांना सांगायला एक कारण मिळालं. आजार वाढला की मोठेपणी शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते आणि माणूस आईच्या भाषेत परततो. मराठी शेजाऱ्यांशी चाळीस वर्षं गप्पा मारणारे अब्बा त्यांना उर्दूत उत्तर देऊ लागले तर त्यात रुसवा शोधू नये.

औषधांचं थोडक्यात. आजार मुळातून बरा करणारी गोळी अजून नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन, गॅलॅन्टामाइन आणि मेमँटाइन ही औषधं काही काळ लक्षणं सावरतात, काहींना चांगला फरक पडतो, काहींना नाही. जेनेरिक स्वस्त पडतात, जनऔषधी दुकानात चौकशी करावी. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकानेमॅब आणि २०२४ मध्ये डोनानेमॅब या शिरेतून द्यायच्या औषधांना मंजुरी मिळाली. ती फक्त सुरुवातीच्या टप्प्यात, आजाराचा वेग थोडा कमी करतात, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. व्हॉट्सॲपवर 'अल्झायमरवर इलाज सापडला' म्हणून जे फिरतं ते एवढंच. आणि एक, रात्री जागतात म्हणून मेडिकलवरून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नयेत. गोंधळ वाढतो, पडून खुबा मोडतो.

चोरीचा आळ

आता ज्या गोष्टीने घरं फुटतात तिच्याकडे येऊ. दादी कानातले काढून उशीच्या खोळीत ठेवतात. ठेवल्याची नोंद डोक्यात होतच नाही. दोन तासांनी कानाला हात जातो, कानातले नाहीत. रिकामी जागा मेंदू जमेल तसा भरून काढतो : कोणीतरी घेतले. आणि घरात दिवसभर समोर कोण असतं? सून. "बहूने चोरले." शेजारणींना सांगितलं जातं, नणंदांना फोन जातात. जी बाई पहाटेपासून त्यांचं हगणं-मुतणं काढते तिच्यावर चोरीचा आळ येतो. हे आजाराचं लक्षण आहे, तापात अंग तापावं तसं. ज्या घराला हे कोणी सांगितलेलं नसतं तिथे तलाकच्या गोष्टींपर्यंत प्रकरण गेलेलं आम्ही पाहिलं आहे.

अशा वेळी वाद घालून उपयोग नाही. "मी नाही घेतले" हे दहा वेळा सांगितलं तरी दहाव्यांदाही ते नवीनच असतं. "चला अम्मी, आपण दोघी शोधू" म्हणायचं, सोबत शोधायचं, मग चहा करायचा. खरे दागिने आधीच सगळ्यांसमोर दुसरीकडे ठेवावेत आणि हाताशी दोन-चार नकली द्यावेत. तसंच "ओळखा पाहू मी कोण?" ही परीक्षा पाहुण्यांनी घेऊ नये. सरळ सांगावं, "खाला, मी अमुकचा मुलगा."

दुसरा पेच फोनवरच्या मुलाचा. तो आखातात आहे, सुरतेत आहे किंवा पुण्यात. रात्री व्हिडिओ कॉल करतो. अम्मी दहा मिनिटं छान बोलतात, सलाम-दुआ होते, "खाना खाया?" विचारतात. ही वाक्यं इतकी मुरलेली असतात की आजारातही सहज येतात. मुलगा म्हणतो, "अम्मी तर एकदम ठीक आहे, तुम्ही लोक उगाच वाढवून सांगता." आमचं म्हणणं, त्याने सुटीत येऊन बायको आणि बहिणीला माहेरी पाठवावं आणि तीन दिवस-रात्री एकट्याने सांभाळून पाहावं. मग पुढचं बोलणं सोपं जातं.

सांभाळणारी बाई स्वतः आजारी पडते हे जगभर दिसून आलं आहे. झोप नाही, कंबर दुखते, चिडचिड होते, मग चिडल्याचा पश्चात्ताप, मग नैराश्य. आपल्याकडे त्यावर एक शब्द टाकून मोकळे होतात : खिदमत. जन्नत कमावते आहे. आई-वडिलांशी नरमीने वागण्याची सूरह बनी इस्राईलमधली ताकीद आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. ज्या उतारवयात माणूस जाणलेलं सगळं विसरतो त्याचा उल्लेख सूरह नहल आणि सूरह हजमध्येही आहे. पण ती ताकीद औलादीला आहे. सासू-सासऱ्यांची सेवा सुनेने केली तर तो तिचा एहसान आहे, तिच्यावर शरई सक्ती नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. देशाचा कायदाही तेच म्हणतो. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात यांना जबाबदार धरतो. त्या यादीत सून नाही. म्हणजे दीन आणि कायदा दोन्ही ज्याच्याकडे बोट दाखवतात तो चहा पिऊन दुकानावर जातो, आणि जिच्यावर सक्ती नाही ती घरात बांधलेली. तिच्यानंतर नंबर लागतो नववीतल्या मुलीचा.

वाटणी करता येते. एक भाऊ पैसे देतो, ठीक. दुसऱ्याने फज्र ते सकाळी दहापर्यंतची वेळ घ्यावी. अब्बांना आंघोळ मुलानेच घालावी, त्यांनाही लाज कमी वाटते. मुलींनी आळीपाळीने महिन्याचे चार दिवस यावं. शाळकरी मुलांनी शाळेनंतर तासभर दादीजवळ बसावं, जुने फोटो दाखवावेत, शाळेऐवजी नव्हे. खास डिमेन्शियासाठीची दिवसभराची केंद्रं मुख्यतः मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आहेत. आपल्या जमातींकडे शादीखाने आहेत, मदरशांचे हॉल आहेत, दुपारी रिकामे असतात. आठवड्यातून दोन दुपारी तिथे दहा म्हातारे बसू शकतात की नाही, हे ट्रस्टींना विचारायला काय हरकत आहे?

दिवस, नमाज, रात्र

डिमेन्शियात ठरलेला दिनक्रम सगळ्यात जास्त कामाला येतो, आणि आपल्या घरांना तो आयता मिळालेला आहे. पाच अजानी. तारीख-वार गेले तरी अजानीनंतर वुझू, मग नमाज, मग जेवण किंवा चहा, ही साखळी बरीच टिकते. हाताला, जिभेला लहानपणी लागलेलं वळण उशिरा जातं. जन्मभर लूमवर उभा राहिलेला माणूस चादरीचे धागे चाळत बसतो. नातवाचं नाव विसरलेल्या नानी सूरह फातिहा अडखळत नाहीत. रकात चुकतात, मग शेजारी उभं राहून सोबत पढावं. अस्रची नमाज तीनदा पढायला उठले तर रागवू नये. अक्ल सलामत नाही त्याच्यावर नमाज-रोजा फर्ज राहत नाही, हे शरियतचं जाहीर तत्त्व आहे. रोजा आणि फिदयाचा तपशील आपल्या मुफ्ती साहेबांना आजाराची अवस्था सांगून विचारावा. शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाला 'सवय आहे' म्हणून उन्हाळ्यात रोजा धरायला लावू नये.

मग्रिबच्या सुमाराला बरेच रुग्ण अस्वस्थ होतात. सावल्या पडतात, "मला घरी जायचं" सुरू होतं, बसलेले असतात स्वतःच्याच घरात. दिवे लवकर लावावेत, टीव्ही बंद करावा, हात धरून अंगणात फेरी मारून आणावी.

निघून गेले तर

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या मराठी चित्रपटात मोहन आगाशे यांनी अल्झायमर झालेले संस्कृतचे पंडित रंगवले आहेत. मुलगी क्षणभर गाडीतून उतरते आणि ते रस्त्यावरच्या हत्तीमागे निघून जातात. बाईंनी-भाऊंनी तो जरूर पाहावा. आपल्याकडे हत्ती नसतो, रेल्वे असते. जळगाव, भुसावळ, अमळनेर, सगळीकडे रुळ वस्तीला लागून, आणि गाडीत बसलेला माणूस सकाळपर्यंत सुरतेला किंवा इटारसीला पोचलेला असतो. धुळ्याला आग्रा रोड.

कुडत्याच्या आत फोन नंबर शिवून ठेवावा, खिशात चिठ्ठी, मोबाइलमध्ये ताजा फोटो. शरमेने लपवण्यापेक्षा गल्लीतल्या चहावाल्याला, रिक्षा स्टँडला, मस्जिदीच्या मुअज्जिन साहेबांना आजार सांगून ठेवावा. हरवले तर २४ तास थांबायचा असा कुठलाही नियम नाही. लगेच ११२ लावावा, ठाण्यात नोंद करावी, रेल्वेसाठी १३९. मस्जिदीच्या माइकवरून सांगितलं तर दहा मिनिटांत पन्नास पोरं शोधायला निघतात, हे आपल्याकडचं बळ आहे.

कागदपत्रं : इथे उशीर चालत नाही

जॉर्ज फर्नांडिस यांचं नाव भुसावळच्या जुन्या रेल्वे कामगारांना सांगावं लागत नाही. मे १९७४ चा रेल्वे संप त्यांच्या नेतृत्वाखाली झाला. मुंबई बंद पाडणारा हा माणूस, पुढे देशाचा संरक्षणमंत्री, अल्झायमर आणि पार्किन्सनने गाठला. २०१० मध्ये त्यांनी कोणाकडे राहायचं आणि त्यांना कोणी भेटायचं यावरून पत्नी एकीकडे, भाऊ आणि जुने सहकारी दुसरीकडे, असं प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. ज्यांच्याबद्दल भांडण होतं ते स्वतः काही सांगण्याच्या अवस्थेत राहिले नव्हते. २९ जानेवारी २०१९ ला ते गेले. एवढ्या मोठ्या माणसाचं असं होतं तर चार भावांच्या घरात, दोन खोल्या आणि तीन एकर शेतासाठी काय होत असेल.

लोक मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. पण करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे ज्याने मुखत्यार नेमला त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली की मुखत्यारी संपते. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद निकामी. मग पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांचं हायकोर्ट खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला. हिब्यालाही देणारा आकिल हवा, घेणाऱ्याने कबूल करायला हवं आणि ताबा द्यायला हवा. आजार वाढल्यावर केलेला हिबा दुसऱ्या वारसाने आव्हान दिलं की वर्षानुवर्षं अडकतो, तोपर्यंत सातबाऱ्यावरचा फेरफार तसाच. वसीयत एक तृतीयांशापर्यंतच, आणि वारसाच्या नावे असेल तर बाकी वारसांची संमती लागते. म्हणून निदान झाल्या झाल्या, माणूस समजून बोलतो आहे तेव्हाच, सगळ्या मुला-मुलींना बसवून हे उरकावं, त्या दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडून. बहिणींना वगळून अंगठे घेण्याचा उद्योग करू नये. तो गुनाहही आहे आणि कोर्टात टिकतही नाही.

बँकेचं खातं जोडखातं करून घ्यावं, दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार पुढच्या उपचारांचे निर्णय घेण्यासाठी आपला प्रतिनिधी साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून नेमता येतो. फार थोड्या लोकांना हे माहीत आहे. मुलं बघतच नसतील तर प्रांत अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात २००७ च्या कायद्याखाली महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मागता येतो, वकिलाशिवाय. आई-वडिलांना टाकून देणं याला तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांचं संरक्षण २०२४ पासून मिळतं, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरचं. रोजच्या गोळ्या आणि डायपरचा खर्च घरावरच. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, आणि सांभाळणारी बाई स्वतः खचली असेल तर टेलिमानस १४४१६. ही दुसरी चोवीस तास असते, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

राहिली चाळिशी-पन्नाशीतल्या आपल्यासारख्यांची गोष्ट. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ कारणं मोजली, जी आटोक्यात आणली तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतात. बीपी, शुगर, तंबाखू, बैठं आयुष्य, एकटेपणा ही ओळखीची. लहानपणी शाळा न मिळणं हेही त्यातच. आणि ऐकू न येणं, ज्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. ऐकू येत नाही म्हणून माणूस बैठकीतून उठतो, बोलणं सोडतो, मेंदूला रोजचं काम मिळत नाही. अब्बा अजान ऐकू येत नाही म्हणायला लागले असतील तर कानाच्या डॉक्टरांकडे याच महिन्यात न्यावं.